काविळीचा पत्ता

वऱ्हाडात कावीळ झालेल्या माणसाला ‘कोणत्या डॉक्टरला दाखवलं?’ असे सहसा कोणी विचारत नाही. ‘माळ घातली का?’ असे विचारतात. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत असा तालुका शोधून सापडणार नाही, जिथे काविळीचे औषध देणारा एखादा माणूस नाही. कुणी वनस्पतीच्या काड्यांची माळ डोक्यावर ठेवतो आणि ती रोज वाढत वाढत गळ्यातून खाली उतरते. कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो आणि परातीतले पाणी पिवळे होते. कुणी देवडांगरीचे थेंब नाकात सोडतो आणि नाकातून पिवळे पाणी वाहू लागते. पाहणाऱ्याला वाटते, डोळ्यांतला पिवळेपणाच बाहेर पडला!

आरोग्य सेवेत या दोन जिल्ह्यांत मी उमेदीची वर्षे काढली. सुरुवातीला या प्रकारांचा राग येई. पुढे त्यामागचा हिशेब लक्षात आला. दूषित पाण्यातून होणारी कावीळ शंभरातल्या अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव जणांची आपोआप बरी होते. विषाणू शरीरात येतो, यकृताला सूज आणतो आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्याला तीन-चार आठवड्यांत हुसकावून लावते. या काळात माळ घातली, मंत्र म्हटला किंवा सलाइन लावले तरी श्रेय त्या-त्या उपायाला मिळते. एका म्हातारीने मला ऐकवले होते, ‘‘डाक्टरसाहेब, माळेनं उतरली का तुमच्या सलाइननं, थे कोनाले समजते? पन माळेले पाच रुपये लागतेत, अन् सलाइनले पाचशे.’’ म्हातारीचे अर्थशास्त्र चोख होते. साध्या काविळीत उलट्या थांबलेल्या रुग्णाला सलाइनचा फारसा उपयोग नसतो, हे वैद्यकशास्त्रही सांगते.

मग काविळीच्या डॉक्टरचे काम तरी काय? माझे उत्तर असे की, जे एक-दोन जण बरे होत नाहीत ते कोण, हे त्याने वेळेत ओळखावे. आणि कावीळ राहते कुठे, तिचा पत्ता शोधून काढावा. या दुसऱ्या कामासाठी दवाखान्यातून उठून गावात जावे लागते.

एक नाव, पाच आजार

आपण सरसकट ‘कावीळ’ म्हणतो. पण ते आजाराचे नाव नव्हे, ती खूण आहे. यकृत बिघडले की रक्तातले पित्तद्रव्य वाढते आणि डोळे, लघवी, कातडी पिवळी होते. यकृत बिघडवणारे मुख्य विषाणू पाच, इंग्रजी अक्षरांनी ओळखले जाणारे: ए, बी, सी, डी आणि ई. यांतले ए आणि ई तोंडावाटे येतात. एका माणसाची विष्ठा दुसऱ्याच्या पिण्याच्या पाण्यात मिसळली की यांचा प्रवास सुरू होतो. बी, सी आणि डी रक्तावाटे येतात. ते सुईतून, वस्तऱ्यातून, तपासणी न झालेल्या रक्तातून पसरतात. बी तर आईकडून बाळालाही होतो आणि शरीरसंबंधातूनही पसरतो. पहिले दोन गाजावाजा करत येतात आणि बहुधा निघून जातात. बी आणि सी गुपचूप येतात, वीस-तीस वर्षे मुक्काम करतात आणि शेवटी यकृत निबर करून किंवा कर्करोग करून जातात.

ए विषाणू आपल्याकडे बहुतेकांना लहानपणीच भेटतो. लहान मुलांत तो फारशी लक्षणे दाखवत नाही. म्हणून आपल्या गावांत आणि शहरांत शेकडो मोठी माणसे एकदम पिवळी पडतात, तेव्हा संशय प्रथम ई वर घ्यावा लागतो. हा ई विषाणू ओळखला जाण्याची कथा बरीचशी आपल्याच देशात घडलेली आहे.

दिल्ली, काश्मीर, कोल्हापूर

१९५५ साली यमुनेला पूर आला. पूर ओसरताना नदीचे पात्र सरकले आणि नजफगड नाल्याची घाण वजिराबादच्या पाणी उपसा केंद्राकडे वळली. पाणीखात्याच्या लोकांना धोका कळला. त्यांनी तुरटी आणि क्लोरीन वाढवले. त्यामुळे विषमज्वर आणि हगवण यांची साथ आली नाही. पण डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या दोन महिन्यांत दिल्लीत सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. जंतू मेले, विषाणू पार झाला. त्या वेळी सर्वांनी ही कावीळ ‘ए’ प्रकारची धरली. त्या साथीतले जपून ठेवलेले रक्तद्रव १९८० मध्ये तपासले गेले, तेव्हा कळले की ती ए नव्हती आणि बीसुद्धा नव्हती.

त्याच सुमारास काश्मीरमध्ये एक तरुण डॉक्टर हेच कोडे सोडवत होता. त्याचे नाव डॉ. मोहम्मद सुलतान खुरू. नोव्हेंबर १९७८ मध्ये गुलमर्ग परिसरातल्या खोऱ्यात काविळीची साथ सुरू झाली. हाताशी साधने थोडी आणि थंडी कडाक्याची. खुरू आणि त्यांचे सहकारी गावोगाव, घरोघर फिरले. त्या साथीत सुमारे ५२,००० लोक आजारी पडले आणि सुमारे १,७०० दगावले, असा त्यांचा हिशेब निघाला. १९८० साली त्यांनी हा नवाच विषाणू असला पाहिजे असे मांडले. पुढच्या वर्षी त्यांनी प्रसिद्ध केलेली आकडेवारी माझ्या पिढीच्या अनेक डॉक्टरांना पाठ होती. ती अशी: पुरुषांत कावीळ झालेल्यांचे प्रमाण २.८ टक्के, गरोदर नसलेल्या स्त्रियांत २.१ टक्के आणि गरोदर स्त्रियांत १७.३ टक्के. कावीळ झालेल्या गरोदर स्त्रियांपैकी २२.२ टक्के स्त्रियांचे यकृत एकाएकी निकामी झाले. बरे न होणारे ‘एक-दोन’ कोण, या प्रश्नाचे उत्तर या आकड्यांत होते. ती आपली लेकी-सुना होती.

१९८३ साली मिखाईल बालायान या रशियन शास्त्रज्ञाने तर कमाल केली. अफगाणिस्तानातल्या आजारी सैनिकांच्या विष्ठेचा गाळीव अंश त्यांनी स्वतः घेतला. ए विषाणूपासून त्यांना आधीच संरक्षण होते, त्यामुळे आता होणारी कावीळ वेगळीच ठरणार होती. सुमारे पाच आठवड्यांनी ते आजारी पडले आणि स्वतःच्याच विष्ठेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी तो विषाणू पाहिला. असा प्रयोग आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही!

महाराष्ट्राचा वाटाही मोठा आहे. १९८१ साली कोल्हापुरात पाण्यातून काविळीची साथ आली, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या पथकाने तिचा पद्धतशीर अभ्यास केला. याच संस्थेत डॉ. विद्या अरणकल्ले यांनी काही दशके काविळीच्या विषाणूंचा पाठपुरावा केला. ए विषाणू बालपणी आणि ई विषाणू तारुण्यात भेटतो, हे वयाचे गणित भारतीय रक्तनमुन्यांवरून मांडणाऱ्यांत त्या अग्रभागी होत्या. त्या वैद्यक व्यवसायातल्या नव्हेत, प्रयोगशाळेतल्या. पण गावातल्या डॉक्टरने कुठे बघायचे, हे अशाच प्रयोगशाळांनी आम्हाला शिकवले.

दीड महिन्यापूर्वी काय झाले?

पूर्णेच्या काठचे एक गाव. तिथली एक मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. सातवा महिना. डोळे पिवळे झाले, घरच्यांनी माळ घातली, हळद आणि तेल बंद केले, उसाचा रस सुरू केला. पाचव्या दिवशी ती दिवसभर झोपू लागली आणि रात्री जागून असंबद्ध बोलू लागली. घरच्यांना वाटले, बाहेरचे काही लागले. आमच्यापर्यंत पोचली तेव्हा तिला आपल्या आईचे नाव सांगता येत नव्हते. जिल्ह्याच्या ठिकाणी नेली; आई आणि बाळ, दोघेही गेले.

तिच्या आईने मला एवढेच विचारले, ‘‘साहेब, गावात एवढ्याईले झाली, सारे बरे झाले. माह्याच लेकीचं काहून असं झालं?’’ खुरूंचे आकडे मला ठाऊक होते. ते त्या माउलीपुढे तोंडातून निघाले नाहीत.

गावात तोवर तीसेक जण पिवळे झाले होते. आम्ही टाकीचे पाणी तपासले. क्लोरीन होते. नळाचे तपासले. तेही ठीक. सरपंच म्हणाले, ‘‘बघा, पानी तं चांगलं हाय.’’ नवशिका डॉक्टर इथे हमखास फसतो. विषाणू पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत साधारण पाच-सहा आठवडे लागतात. आजचे पाणी तपासून दीड महिन्यापूर्वीचा गुन्हा सापडत नाही. म्हणून दारोदार एकच प्रश्न विचारायचा: ‘दीड महिन्यापूर्वी गावात काय झालं होतं?’ कुणाला लग्न आठवते, कुणाला जत्रा. तिथे एका म्हाताऱ्याला आठवले, की नालीच्या खोदकामात पाइप फुटला होता. चार दिवस सायकलची ट्यूब गुंडाळून काम भागवले होते. त्या पाइपावर जेवढ्या गल्ल्या होत्या, बहुतेक रुग्ण तेवढ्याच गल्ल्यांतले निघाले. ती मुलगी त्याच आठवड्यात माहेरी आली होती.

खारे पाणी, गोडे पाणी

पाण्याच्या बाबतीत वऱ्हाडाचे नशीब मुळातच वाकडे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. सुमारे नऊशे गावे त्यात येतात. विहीर खोदावी तर पाणी खारे लागते. म्हणून गोडे पाणी दूरच्या धरणांतून नळाने आणावे लागते. अकोला शहराला महानच्या काटेपूर्णा धरणाचे पाणी, अमरावतीला मोर्शीजवळच्या ऊर्ध्व वर्धा धरणाचे. लांब पाइपलाइन, गावे जास्त, पाणी कमी. मग पाणी रोज न येता काही दिवसांआड येते.

काविळीचा पत्ता या ‘दिवसांआड’मध्ये आहे. पाइप भरलेला असला की दाबामुळे पाणी गळतीतून बाहेर पडते. पाइप रिकामा झाला की त्याच गळतीतून शेजारच्या नालीचे पाणी आत शिरते. त्यात आपण भर घालतो. दाब कमी म्हणून अंगणात खड्डा खोदून नळ खाली नेतो. खड्ड्यात सांडपाणी साचते आणि पाणी बंद झाले की तेच उलटे नळात जाते. शिवाय टिल्लू पंप! आपल्या घरात दोन घागरी जास्त याव्यात म्हणून लावलेला तो पंप पाण्याबरोबर साऱ्या गल्लीची घाण ओढून घेतो. वऱ्हाडातला नाही, पण याच राज्यातला धडा २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीने दिला. दूषित पाण्याने तिथे हजारो लोक काविळीने आजारी पडले.

यावर उपाय काही अद्‌भुत नाही. टीसीएल पावडर नीट मिसळणे, मिसळल्यावर अर्धा तास थांबणे आणि शेवटच्या घरच्या नळाचे पाणी तपासणे. ओटी टेस्ट नावाची ही तपासणी शाळकरी मुलालाही जमते. नळीत पाणी घ्यायचे, औषधाचे थेंब टाकायचे. क्लोरीन असले की पाणी पिवळे होते. गावोगावच्या जलसुरक्षकांना मी एक वाक्य पाठ करून घ्यायला सांगत असे: नळीतले पाणी पिवळे झाले, तर गावातले डोळे पिवळे होत नाहीत. अर्थात, फुटका पाइप आणि नाली शेजारी-शेजारी ठेवून नुसत्या पावडरीवर भिस्त ठेवली तर काय होते, ते १९५५ च्या दिल्लीने दाखवलेच आहे. पाइप नालीतून काढला पाहिजे.

आणि नालीत येणारी घाण मुळातच कमी झाली पाहिजे. हे सांगणारा सर्वांत मोठा माणूस डॉक्टर नव्हता. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी आयुष्यभर हातात खराटा धरला. ज्या १९५६ सालाच्या आरंभी दिल्ली काविळीने पिवळी झाली होती, त्याच वर्षीच्या डिसेंबरात बाबा अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर गेले. विषाणूचे नाव त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. विषाणूचा पत्ता मात्र त्यांनी बरोबर ओळखला होता.

सुईची वाट

बी आणि सी यांच्याशी लढाई वेगळी. इथे पाइपलाइनऐवजी सुई आणि प्रसूतिगृह पाहावे लागते. बी विषाणूचा शोध अमेरिकेतले डॉ. बरूच ब्लुमबर्ग यांना लागला. ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासीच्या रक्तात त्यांना त्याची खूण सापडली. १९७६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस जगभर काविळीचा दिवस म्हणून पाळला जातो. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने बी ची देशी लस बाजारात आणली आणि ती सामान्यांच्या आवाक्यात येऊ लागली. सी चा शोध १९८९ चा. त्यावर आज गोळ्या आहेत आणि बारा आठवड्यांत बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. २०१३ मध्ये अमेरिकेत यांतल्या एका औषधाचा हा कोर्स ८४,००० डॉलरला होता. भारतीय कंपन्यांनी पुढे तो त्याच्या अगदी अल्प किमतीत तयार केला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात २०२२ साठी भारताचा अंदाज असा होता: बी चे २ कोटी ९८ लाख रुग्ण आणि सी चे ५५ लाख. यांतल्या बहुसंख्यांना आपल्याला काही झाले आहे याचा पत्ताच नाही. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात बी आणि सी ची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. पण औषध असणे आणि ते पोचणे यांत अंतर असते. इजिप्तमध्ये गेल्या शतकात एका परजीवी रोगावरच्या इंजेक्शनांच्या मोहिमेत सुया पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या आणि देशभर सी पसरला. त्याच इजिप्तने २०१८ नंतर सुमारे पाच कोटी लोकांची तपासणी करून तो आटोक्यात आणला. सुईने केलेले पाप धुता येते, पण त्यासाठी सारा देश रांगेत उभा करावा लागतो. शेजारच्या गुजरातेत मोडासा येथे २००९ मध्ये वापरलेल्या सिरिंजांमुळे बी ची जीवघेणी साथ आली, ही फार जुनी गोष्ट नाही.

आपल्याकडे अजूनही ‘सुई नाही दिली तं डाक्टर कायचा?’ असे म्हणणारे आहेत. जत्रेत एकाच सुईने दहा जणांना गोंदवले जाते. मेळघाटात गोंदणाची परंपरा जुनी आहे. ती टिकावी, पण प्रत्येकाला नवी सुई असावी. दाढीच्या दुकानात ‘नवं पातं लाव’ म्हणायला लाजू नये.

बी चे एक वैशिष्ट्य प्रत्येक घराने लक्षात ठेवावे. मोठ्या माणसाला बी झाला तर शंभरातले पंचाण्णवहून अधिक बरे होतात. जन्मताना आईकडून बाळाला झाला तर शंभरातल्या सुमारे नव्वद बाळांच्या शरीरात तो कायमचा राहतो. जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत लसीचा पहिला डोस दिला, तर हे बहुतांशी टळते. बारशापर्यंत थांबायचे नाही, पाचवी पुजेपर्यंतही नाही. पहिला दिवस म्हणजे पहिला दिवस.

आणि लाज! रक्तदान शिबिरात बी सापडलेल्या मुलांची लग्ने मोडलेली मी पाहिली आहेत. घरातले ताट वेगळे, माठ वेगळा. बी एका ताटात जेवल्याने होत नाही, शेजारी बसल्याने होत नाही. होणाऱ्या जोडीदाराला लस दिली की संसार सुखाने होतो. ज्या अमरावतीने डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन पाहिले, कुष्ठरोग्यांना माणूस म्हणून वागवायचे शिकवले, त्या भागाला हे नव्याने सांगावे लागू नये.

घरच्यांसाठी चार गोष्टी

लोक विचारतात, मग माळ घालावी की नाही? मी भांडत बसत नाही. डोक्यावरच्या माळेने अपाय होत नाही. अपाय होतो तो उशिराने. मात्र नाकात थेंब, हातावर डाग आणि पोटात अनोळखी पाला नको. सुजलेल्या यकृतावर तो दुसरा घाव ठरतो. दारू पूर्ण बंद. गोळीसुद्धा विचारल्याशिवाय नको. रोजचे साधे जेवण द्यावे, भाकरी-वरण-भात द्यावा. उपाशी ठेवू नये. उसाचा रस हवाच असेल तर घरी, स्वच्छ भांड्यात. रस्त्यावरच्या गाड्यावरचा बर्फ घातलेला रस म्हणजे रोगाला औषध म्हणून तोच रोग पाजणे.

साथ असेल तेव्हा पाणी चांगले खळखळून उकळावे. माठात लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे. हात बुडवू नये. आणि घरातल्या गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले, किंवा कुठल्याही रुग्णाला दिवसा झोप आणि रात्री जाग येऊ लागली, बोलणे बरळल्यासारखे झाले, उलट्या थांबेनात, रक्त येऊ लागले, तर त्याच दिवशी जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यावे. सकाळची वाट पाहू नये, अमावस्येची तर मुळीच नाही.

आरोग्य खात्यातला डॉक्टर निवृत्त होतो तेव्हा त्याने किती रुग्ण बरे केले, हे कुणी सांगू शकते. त्याच्यामुळे किती जण आजारीच पडले नाहीत, त्यांची यादी कुठल्याच रजिस्टरमध्ये नसते. नालीतून बाहेर काढलेल्या पाइपाला कुणी हार घालत नाही. पण ज्या गावात तो निघाला, तिथे पहिल्या बाळंतपणाला आलेल्या मुली बाळ घेऊन सासरी परत जातात. तेवढे पुरे आहे.